चमत्काराची वाट पाहणारे आणि तयारी करणारे : धर्माबादहून १९५० चा ड्युरँड चषक वाचताना

१/
बलाढ्य क्लबाशी चषकाचा सामना ठरला की दुबळ्या संघाच्या समर्थकांची एक ठराविक भाषा सुरू होते. आठवडाभर आधीपासून जुन्या विजयांची उजळणी होते, प्रतिस्पर्ध्याच्या जखमी खेळाडूंची यादी तोंडपाठ होते आणि शेवटी सारे एकाच वाक्यावर येऊन थांबतात : ‘फुटबॉल आहे, काहीही होऊ शकतं.’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात ते इतिहासाचे मोठे नुकसान करते. ही मालिका त्या वाक्याच्या विरोधात आहे.

२/
‘काहीही होऊ शकतं’ असे म्हणणारा समर्थक आपल्या संघाचे कौतुक करत नसतो. आपला संघ स्वतःच्या बळावर जिंकू शकत नाही, याची तो नकळत कबुलीच देत असतो. उद्या संघ जिंकलाच, तर श्रेय नशिबाला. हरला, तर ते ठरलेलेच होते. दोन्ही बाजूंनी खेळाडूंचे कष्ट आणि प्रशिक्षकाची बुद्धी हिशेबातून बाद होते. याच सवयीने भारतीय फुटबॉलचा इतिहास लिहिला गेला आणि त्यातून एक संपूर्ण प्रदेश गळाला. त्या प्रदेशात मराठवाडाही होता.

३/
धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे गाव. लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे. इथून गाडी पुढे निघाली की बासर येते, मग गोदावरीचा पूल आणि त्यापलीकडे निजामाबाद. बाजारात मराठी, तेलुगू आणि दख्खनी एकाच वाक्यात नांदतात. या गावातील फुटबॉलप्रेमी तरुणाला विचारले की भारतीय फुटबॉल कुठला, तर उत्तर ठरलेले असते : बंगाल, गोवा, केरळ, ईशान्य भारत. फार तर कोल्हापूरच्या तालमींचा उल्लेख होतो. आपण ज्या राज्यात होतो, त्या राज्याचे नाव कोणी घेत नाही.

४/
ते राज्य म्हणजे हैदराबाद. सोळा जिल्ह्यांच्या त्या संस्थानात आठ जिल्हे तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे ते पाच मराठी जिल्हे. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात सामील झाले. तरी हैदराबाद राज्य म्हणून त्याचे अस्तित्व ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत टिकले. म्हणजे १९५० साली धर्माबादच्या माणसाची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. आणि त्याच वर्षी त्या राजधानीतला एक संघ दिल्लीत मोहन बागानसमोर उभा राहिला.

५/
आधी समोरचा पक्ष पाहू. मोहन बागानची स्थापना १८८९ ची. या क्लबाने २९ जुलै १९११ रोजी आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ ने हरवले होते. १९४७ आणि १९४८ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी पुन्हा शिल्ड जिंकली होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील भारताचे कर्णधार टी. आओ याच क्लबाचे. शैलेन मन्ना याच क्लबाचे. कोलकात्याची वर्तमानपत्रे, कोलकात्याची गर्दी आणि कोलकात्याचा पैसा त्यांच्या पाठीशी. ‘बलाढ्य’ या शब्दाची व्याख्या करायची तर याहून वेगळी काय करणार?

६/
स्पर्धाही साधी नव्हती. ड्युरँड चषक १८८८ साली सिमल्यात ब्रिटिश फौजांसाठी सुरू झाला. १९४० साली तो दिल्लीला आला आणि त्याच वर्षी मोहमेडन स्पोर्टिंगच्या रूपाने पहिला भारतीय विजेता त्यावर कोरला गेला. पुढे महायुद्ध, फाळणी, स्थलांतर. स्पर्धा थांबली ती थेट १९५० मध्ये सुरू झाली. प्रजासत्ताक झालेल्या भारतातला तो पहिला ड्युरँड. त्यावर पहिले नाव कोणाचे लागणार, या प्रश्नाचे वजन त्या काळच्या समर्थकाला वेगळे सांगावे लागत नव्हते.

७/
अंतिम सामन्यात मोहन बागानसमोर आला तो हैदराबाद सिटी पोलीस. नावावरूनच कळते की हा क्लब नव्हे, खात्याचा संघ. शिपाई आणि जमादार. पहिली लढत बरोबरीत सुटली. पुनर्लढतीत हैदराबादने एकमेव गोलाच्या जोरावर चषक जिंकला. प्रजासत्ताकाच्या पहिल्या ड्युरँडवर हैदराबादचे नाव लागले. आजच्या भाषेत याला लगेच ‘चमत्कार’ म्हटले जाईल. दुबळ्याने बलाढ्याला लोळवले, वगैरे. इथेच थांबायला हवे, कारण इथूनच चुकीचा इतिहास सुरू होतो.

८/
चमत्काराची खूण कोणती? तो पुन्हा होत नाही. इंग्लंडच्या एफए चषकात २९ जानेवारी १९४९ रोजी योव्हिल टाउन या लीगबाहेरच्या छोट्या संघाने सर्वोच्च श्रेणीतल्या संडरलँडला २–१ ने हरवले. योव्हिलचे मैदान उतरते होते आणि त्या उताराची ख्याती आजही सांगितली जाते. पुढच्याच फेरीत मँचेस्टर युनायटेडने त्याच योव्हिलला ८–० ने धुऊन काढले. त्या एका दिवसाची गोडी कमी होत नाही. परंतु त्या दिवसाने पुढे काही उभे केले नाही.

९/
आता हैदराबादकडे पाहा. मुंबईचा रोव्हर्स चषक ही १८९१ पासूनची, देशातली एक अत्यंत मानाची स्पर्धा. हैदराबाद सिटी पोलीस संघाने ती १९५०, १९५१, १९५२, १९५३ आणि १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. १९५४ साली ड्युरँडही पुन्हा जिंकला. पुढे संतोष करंडक हैदराबादने लागोपाठ दोनदा नेला, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरवले ते मुंबईला. पाच वर्षे सलग होणाऱ्या गोष्टीला मराठीत चमत्कार म्हणत नाहीत. तिला घडी बसणे म्हणतात.

१०/
ही घडी बसवणाऱ्या माणसाचे नाव सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९, हैदराबाद. पेशाने शाळामास्तर. ‘मैदान’ हा २०२४ चा हिंदी चित्रपट पाहिलेल्या तरुणांना हे नाव माहीत आहे. पण चित्रपटाचा झोत राष्ट्रीय संघावर आहे : हेलसिंकीची नामुष्की, मेलबर्न, जकार्ता. त्यामुळे प्रेक्षकाची समजूत अशी होते की एक ध्येयवेडा माणूस अचानक उगवला आणि त्याने देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. हाही चमत्कारच. वास्तविक रहीम यांची प्रयोगशाळा होती ती हैदराबादची मैदाने आणि पोलिसांचा संघ.

११/
ते प्रयोग कसे होते? रहीम अशा स्पर्धा भरवत, ज्यात चेंडू घेऊन पळत प्रतिस्पर्ध्याला चकवण्यास मनाई असे. चेंडू आला की दुसऱ्याला द्यायचा. अशाही स्पर्धा भरवत, ज्यात खेळाडूने आपल्या कमजोर पायानेच खेळायचे. शाळेत शिकवणाऱ्या माणसाची ही पद्धत आहे : मुलाला जे येते तेच पुन्हा पुन्हा करू दिले तर तो शिकत नाही, जे येत नाही त्याचा सराव द्यावा लागतो. त्या काळी देशातल्या मैदानांवर टाळ्या मिळत त्या एकट्याने तिघांना चकवणाऱ्याला. रहीम यांनी टाळ्यांचाच हिशेब बदलला.

१२/
दुसरी बाब अधिक रोखठोक आहे : नोकरी. पोलीस खात्यातील खेळाडूला दरमहा पगार होता, एकत्र राहणे होते, रोजचा सराव होता. आठवडाभर गिरणीत किंवा कचेरीत राबून रविवारी मैदानावर येणाऱ्या संघाला हे परवडणारे नव्हते. म्हणजे ज्याला ‘दुबळा’ म्हटले जाते त्या संघाकडे एक गोष्ट बलाढ्याइतकीच होती : वेळ. सामन्याच्या आदल्या दिवशी समर्थक ज्याची चर्चा कधीच करत नाहीत, ती हीच. कोणाला किती वेळ मिळाला? कोणाचे पोट कशावर चालते? चषकाचे गणित बरेचसे तिथेच सुटते.

१३/
इथे पहिला आक्षेप येतो. कोणी म्हणेल, मग हैदराबाद दुबळा नव्हताच, आणि सारा युक्तिवादच कोसळला. उलट, युक्तिवाद हाच आहे. ‘बलाढ्य’ आणि ‘दुबळा’ ही विशेषणे बहुतेक वेळा बळाची नसून कीर्तीची असतात. कीर्ती वर्तमानपत्रांच्या शहरात राहते. १९५० पर्यंत मोहन बागाननेही ड्युरँड एकदा सुद्धा जिंकला नव्हता. त्यांचा पहिला ड्युरँड १९५३ चा. तरी बलाढ्य तेच. हैदराबादने बंगळूरच्या ॲश गोल्ड कपमध्ये १९४३ सालीच रॉयल एअर फोर्सच्या संघाला हरवून आपली ओळख दिली होती. ती ओळख पटली नाही, हा दोष पाहणाऱ्यांचा.

१४/
कोलकात्याच्या अभिमानाचा मुकुटमणी असलेल्या १९११ च्या विजयावरही हाच अन्याय झाला आहे. दरवर्षी २९ जुलैला ‘अनवाणी अकरा’ ही गोष्ट फिरते. खरे तर सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळले होते. अनवाणी होते ते दहा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोहन बागानने १९०६, १९०७ आणि १९०८ असा सलग तीन वर्षे ट्रेड्स कप जिंकला होता. शिल्डच्या वाटेवर रायफल ब्रिगेड आणि मिडलसेक्स हे लष्करी संघ त्यांनी हरवले होते. हा संघ आभाळातून पडला नव्हता. अनवाणी पायांचे कौतुक करताना त्या पायांनी घेतलेली तालीम विसरली जाते.

१५/
त्या सामन्याच्या आधीची आणि दिवसभराची उत्कंठा मात्र खरोखर अपूर्व होती. बंगालच्या गावागावांतून माणसे कोलकात्याला लोटली. ज्यांना मैदान दिसत नव्हते त्यांच्यासाठी पतंग उडवून गोल कळवले गेले. पण या उत्कंठेलाही एक खोटी शेपूट चिकटली आहे : या विजयामुळे इंग्रजांनी राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवली! डिसेंबर १९११ मधील त्या निर्णयाची कारणे फाळणीविरोधी चळवळ आणि साम्राज्याचे प्रशासन यांत आहेत. दोन घटना एका वर्षात घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे तरी पाळावे.

१६/
दुसरा आक्षेप पैशाचा. ‘शेवटी पैसा जिंकतो, बाकी सारे सांत्वन’ असे म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. त्याच काळातील ईस्ट बंगाल पाहा. १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षे शिल्ड जिंकणाऱ्या त्या संघाची आघाडीची फळी ‘पंचपांडव’ म्हणून गाजली : सालेह, अप्पाराव, धनराज, वेंकटेश आणि अहमद खान. पाचही दक्षिणेतले. त्याआधी १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षे कोलकाता लीग जिंकणाऱ्या मोहमेडन स्पोर्टिंगनेही बंगालबाहेरून खेळाडू आणले होते.

१७/
याचा अर्थ काय? बलाढ्य क्लबाचे बळ पुष्कळदा ‘दुबळ्या’ प्रदेशांतूनच उचललेले असते. हैदराबादच्या बाबतीतही पुढे तेच झाले. सिकंदराबादच्या अम्मुगुडा वस्तीतले तुलसीदास बलराम हे भारताच्या सर्वकालीन श्रेष्ठ आघाडीपटूंपैकी एक. त्यांची कारकीर्द बहरली ती ईस्ट बंगालमध्ये. ज्या मातीने घडवले तिथे नोकरी नसेल, मैदान नसेल, तर खेळाडू जाणारच. त्यात त्याचा दोष नाही. मात्र समर्थकाने समोरच्या जर्सीतील अकरा नावे वाचताना हे विचारावे : यांतले किती जण मुळात आपल्या बाजूचे होते?

१८/
तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो मराठवाड्यातूनच येतो. निजामाच्या पोलिसांचा गौरव कशासाठी? धर्माबादच्या जवळचे उमरी हे गाव ३० जानेवारी १९४८ च्या बँक लुटीसाठी मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात अजरामर आहे. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी इथल्या घराघरांत आहेत. पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर राज्याच्या काही भागांत मुस्लिम वस्त्यांवर झालेल्या हिंसाचाराच्या आठवणीही आहेत. त्या कमी बोलल्या जातात एवढेच. अशा भूमीत ‘हैदराबाद’ आणि ‘पोलीस’ हे दोन शब्द एकत्र आले की जखम ठसठसते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

१९/
पण तारखा पाहाव्या लागतात. १९५० चा सिटी पोलीस संघ हा निजामाच्या सत्तेचा संघ राहिला नव्हता. सत्ता सप्टेंबर १९४८ मध्येच गेली होती. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद हे भारतीय संविधानाखालचे राज्य होते. त्या दुभंगलेल्या, परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या राज्यातला एक संघ, ज्यात नूर मोहम्मद आणि अझीझुद्दीन यांच्यासारखे खेळाडू होते, तो प्रजासत्ताकाचा पहिला ड्युरँड जिंकतो. त्यांचे प्रशिक्षक रहीम पुढच्याच वर्षी भारताला पहिल्या आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवून देतात. १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीत इराणविरुद्ध १–०. गोल साहू मेवालालचा.

२०/
कारवाईला तीन वर्षेही झाली नव्हती. ज्या शहराच्या निष्ठेबद्दल देशभर शंका घेतली जात होती, त्या शहराचा एक मुसलमान शाळामास्तर देशाच्या संघाला शिकवत होता. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्याने याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. किंबहुना मुक्तिसंग्राम ज्यासाठी झाला, त्याचे हे एक फलित आहे : राजाची प्रजा नागरिक झाली आणि नागरिकांनी देशासाठी खेळ उभा केला. रझाकार आणि रहीम यांना एकाच पोतडीत टाकणारा इतिहास आळशी आहे. आणि आळशी इतिहास शेवटी द्वेषाच्या कामी येतो.

२१/
मग ही आठवण गेली कुठे? उत्तर नकाशात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. जिल्ह्याचा मोठा भाग मुंबई राज्यात आला. धर्माबाद सीमेच्या अलीकडे राहिले. भाषावार रचना न्याय्यच होती, तिच्यावर ही टीका नव्हे. पण फुटबॉलचा इतिहास सीमेच्या पलीकडे राहिला. मराठी क्रीडालेखनाने तो ‘आंध्राचा’ मानला. तिकडच्या लेखनाला त्यात मराठवाड्याची आठवण ठेवण्याचे कारण नव्हते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथे दोघांच्या उदासीनतेत तिसऱ्याची आठवण हरवली.

२२/
दुसरे कारण लिपीचे. संस्थानचा कारभार १८८० च्या दशकापासून उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. म्हणजे धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या पणजोबांच्या काळाचे कागद उर्दूत आहेत. आज इतिहासप्रेमी तरुण पेशवाईसाठी मोडी शिकतात, शिबिरे भरवतात, हे स्तुत्य आहे. त्याच तरुणांपैकी किती जण स्वतःच्या तालुक्याच्या १९०० ते १९४८ या काळासाठी उर्दू शिकतात? परकी म्हणून टाकून दिलेली लिपी आपल्याच घरातली दप्तरे बंद ठेवून बसली आहे. हे अज्ञान स्वतःहून पत्करलेले आहे.

२३/
या विस्मरणाची किंमत हैदराबादनेही मोजली. रहीम यांनी कर्करोगाशी झुंजत १९६२ साली जकार्तात भारताला दुसरे आशियाई सुवर्ण मिळवून दिले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध २–१, गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे. ११ जून १९६३ रोजी ते गेले. त्यांची पद्धत कोणत्याही संस्थेने अभ्यासक्रम म्हणून जपली नाही. कमजोर पायाच्या स्पर्धा थांबल्या, खेळाडू मोठ्या क्लबांकडे गेले, मैदाने आक्रसली. घडी विस्कटली आणि हैदराबाद पुन्हा ‘काहीही होऊ शकतं’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत आला. ज्याला चमत्कार म्हटले जाते ते जपण्याची कोणाला गरज वाटत नाही. तयारी म्हटली असती, तर कदाचित कोणी वहीत उतरवून ठेवली असती.

२४/
म्हणून शब्दांचा आग्रह. आशा बाळगू नये असे इथे कोणी म्हणत नाही. बादफेरीचे सौंदर्यच हे की लीगमध्ये अडतीस आठवडे चालणारा हिशेब इथे नव्वद मिनिटांत मांडावा लागतो. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, त्यामुळे एका चुकीचे मोल वाढते आणि कमी साधनांच्या संघालाही दार किलकिले दिसते. पण त्या दारातून आत जायचे तर पाऊल आधी उचललेले असावे लागते. हैदराबादचे शिपाई पुनर्लढतीपर्यंत टिकले ते नशिबाने टिकले, असे म्हणणे हा त्यांच्या रोजच्या पहाटेचा अपमान आहे.

२५/
तेव्हा पुढच्या वेळी बलाढ्य क्लबाशी गाठ पडेल आणि आदल्या रात्री झोप येणार नाही, तेव्हा समर्थकाने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. आपल्या खेळाडूंना सरावाला वेळ आणि पोटाला नोकरी कोण देतो? त्यांना जे येत नाही ते शिकवणारा कोणी आहे का? आणि आपल्या भागातले चांगले पाय कोणाच्या जर्सीत खेळत आहेत? या तिन्हींची उत्तरे वाईट असतील तर उद्याचा विजयसुद्धा योव्हिलचा विजय ठरेल. उत्तरे बरी असतील तर उद्याचा पराभवही फार काळ टिकणार नाही.

२६/
आणि नांदेड–धर्माबाद–देगलूर भागातील इतिहासप्रेमींसाठी एक काम शिल्लक आहे. १९५० साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. हैदराबादला शिकायला किंवा नोकरीला गेलेली, तिथल्या मैदानांच्या कडेला उभी राहिलेली माणसे याही भागात असणार. त्यांतली थोडीच उरली असतील. त्यांना विचारायला हवे, नोंदवून घ्यायला हवे, घरातली जुनी उर्दू कात्रणे वाचून घ्यायला हवीत. उशीर झाला आहे. धर्माबादच्या फलाटावर हैदराबादची गाडी आजही रोज थांबते. त्या दिशेने कोणता इतिहास गेला, हे विचारणारे कोणी तरी फलाटावर असावे.

(मालिका समाप्त)